तानुबाईंना बॅनरवरून वर्गात आणा

माननीय कुलगुरू, विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य आणि पत्रकारिता अभ्यास मंडळ यांस,

स. न. वि. वि.

गेल्या ८ मार्चला आपल्या विभागाच्या पायऱ्यांवर एक बॅनर लागला होता. 'भारतातील पहिल्या महिला संपादक तानुबाई बिर्जे यांना विनम्र अभिवादन' असा मजकूर आणि शेजारी नऊवारीतल्या एका बाईंचा मोठा फोटो. फोटो डॉ. आनंदीबाई जोशी यांचा होता. मी ऑफिसात जाऊन सांगितलं, तर तिथला मुलगा बिचारा ओशाळून म्हणाला, "मॅडम, शोधल्यावर तोच आला." बॅनर संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. दोन प्राध्यापकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले. पत्रकारितेचा विभाग आहे हा, म्हणून सांगते.

त्या दिवशी मी हसून सोडून दिलं. मग जूनमध्ये सुधारित अभ्यासक्रमाचा मसुदा हाती आला आणि हसू गेलं. 'मराठी वृत्तपत्रांचा इतिहास' हा चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय दोन श्रेयांकांवर आला आहे. त्या दोनांतही गटेनबर्गच्या छापखान्यापासून मोबाइलपर्यंतचं सगळं जग बसवायचं आहे. मराठी वृत्तपत्रांना त्यात अर्धं प्रकरण मिळालंय आणि स्त्रियांच्या वाट्याला एक ओळ आली आहे: 'पत्रकारितेत महिलांचे योगदान (स्वयंअध्ययन)'. स्वयंअध्ययन म्हणजे काय ते आपण जाणताच. त्याला तास नाही, त्यावर प्रश्न नाही, म्हणून ते कुणी वाचतही नाही.

विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते कळेल. बाकीच्यांनी वाटल्यास आपापल्या विद्यापीठाचं नाव घालून वाचावं. फार खाडाखोड करावी लागणार नाही असा माझा अंदाज आहे.

माझा संबंध आधी सांगते, म्हणजे ही बाई मध्येच कुठून उपटली असं होणार नाही. मी बी.ए. बहिःस्थ परीक्षा देऊन केलं. दिवसा शिकवण्या, रात्री अभ्यास. पुढे एका जिल्हा दैनिकात बावीस वर्षं उपसंपादक होते. त्यातली नऊ वर्षं रात्रपाळी. त्या कचेरीत रात्रपाळी करणारी पहिली बाई मीच. शेवटची आवृत्ती सुटली की पेपरच्या गाडीत गठ्ठ्यांवर बसून घरी जायचे. नोकरी संपल्यावर आपल्या विभागात तासिका तत्त्वावर हाच इतिहासाचा विषय शिकवायला लागले. यंदा दहावं वर्ष. तास कमी झाले की माझं मानधनही कमी होणार, हे खरं आहे आणि ते लपवत नाही. मात्र तेवढ्यासाठी मी खुलं पत्र लिहिलं नसतं. तासिका तत्त्वावरच्या माणसाला मानधनाबद्दल पत्रं लिहायची सवय असते, ती खुली नसतात इतकंच.

आता तानुबाईंकडे येते, कारण मसुदा करणाऱ्यांपैकी किती जणांना त्या ठाऊक आहेत याची मला शंका आहे.

तानुबाईंचा जन्म १८७६ चा, पुण्यातला. वडील देवराव ठोसर सत्यशोधक विचारांचे. वेताळ पेठेतल्या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत त्या शिकल्या. १८९३ मध्ये सत्यशोधक पद्धतीने त्यांचं लग्न वासुदेवराव लिंगोजी बिर्जे यांच्याशी झालं. वासुदेवराव बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते. 'दीनबंधू' हे त्यांनी नव्याने उभं केलेलं वृत्तपत्र. मुळात ते कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात सुरू केलेलं, म्हणजे 'केसरी'च्या चार वर्षं आधीचं. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईला नेलं. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे ते हेच, आणि विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या नाभिकांना उभं करणारेही हेच. १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले, त्याच प्लेगात सावित्रीबाई गेल्या. अशा पत्राची धुरा वासुदेवरावांनी उचलली, आणि १९०६ मध्ये ते गेल्यावर तानुबाईंनी. १९१२ पर्यंत त्यांनी 'दीनबंधू' चालवला.

'पहिल्या' या शब्दाबद्दल थोडं. वर्गात मी तो जपून वापरते. कलकत्त्यात मोक्षदायिनी मुखोपाध्याय यांचं 'बंगमहिला' १८७० चं आहे. हिंदीत हेमंतकुमारी चौधुराणींचं 'सुगृहिणी' १८८८ चं. त्यामुळे 'पहिली स्त्री संपादक' असं सरसकट छापलं की कुणीतरी हुशार मुलगी हात वर करते, आणि करायलाच हवा. पण ती पत्रं बायकांसाठी होती. 'दीनबंधू' शेतकऱ्यांचं, कामगारांचं, बहुजनांचं राजकीय साप्ताहिक होतं. ते चालवणाऱ्या बाईने संसारोपयोगी सदरं सांभाळली नाहीत, अग्रलेखाची जागा सांभाळली. माझ्या दृष्टीने त्यांचं मोठेपण इथे आहे. पहिल्या की दुसऱ्या, हा वाद बॅनरवाल्यांनी घालावा.

आणि काळ कोणता होता! १९०८ मध्ये वृत्तपत्रांविरुद्धचा कायदा आला, छापखाना जप्त करण्याचे अधिकार सरकारला मिळाले. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस रस्त्यावर होते. १९०९ ला मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या. १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टने छापखाना चालवणाऱ्याकडून जामीन रक्कम मागायला सुरुवात केली. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि १९१२ च्या मार्चमध्ये ते फेटाळलं गेलं. हे सगळं तानुबाईंच्या सहा वर्षांत घडलं. खिळे जुळवणारे जुळारी, कागदाचं बिल, वर्गणी थकवणारे वर्गणीदार, हे दर आठवड्याला होतंच.

दोन वर्षांपूर्वी मी परीक्षेत प्रश्न घातला होता: 'गोखल्यांचं विधेयक फेटाळलं गेल्याच्या आठवड्यात तुम्ही "दीनबंधू"च्या संपादक आहात. अग्रलेखाचा पहिला परिच्छेद लिहा आणि तो तसा का लिहिला हे सांगा.' एका मुलीने लिहिलेला परिच्छेद मी अजून जपून ठेवलाय. ती साखर कारखान्याच्या पट्ट्यातली, ऊसतोड कामगाराच्या घरची. तिने सुरुवातच अशी केली होती की विधेयक पडलं हे आमच्या घरी कळायला सहा महिने लागतील, कारण वाचणारं कुणी नाही. असा प्रश्न स्वयंअध्ययनातून विचारता येत नाही. म्हणून मला चार श्रेयांक हवे आहेत.

आता आपण म्हणाल, इंडस्ट्रीला हे लागत नाही. मसुद्याच्या प्रस्तावनेत हा शब्द सात वेळा आला आहे, मी मोजला. इंडस्ट्रीला रील लागतं, डेटा लागतो, यांत्रिक बुद्धिमत्ता लागते. शिकवा ना. मीही शिकते आहे, या वयात. पण परवा एका वाहिनीत काम करणारा आमचा जुना विद्यार्थी सांगत होता की कोर्टाने दिलेला एक आदेश त्याच्या डेस्कवर कुणालाच वाचता आला नाही, कारण वृत्तपत्र कायद्याचं कुणी काही शिकलंच नव्हतं. १९१० चा जामीन ज्याला समजला त्याला आजचं 'साइट ब्लॉक' समजायला वेळ लागत नाही. असो. हा मुद्दा मी बैठकीत मांडला असता, पण तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना बैठकीला बोलावत नाहीत.

दुसरी तक्रार अधिक जिव्हारी लागणारी आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आपल्या विभागाच्या एका माजी प्रमुखांनी सत्यशोधक वृत्तपत्रांच्या झेरॉक्स प्रती जमवल्या होत्या. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवर चढून. 'दीनबंधू'ची सुटी पानं, इतर पत्रांचे तुकडे, पत्रव्यवहाराच्या नकला. लाल कापडात बांधलेले सहा बस्ते. पूर्ण फाइल नव्हे, पण जे होतं त्यावर दोन मुलांचे प्रबंध झाले. चार वर्षांपूर्वी ग्रंथालयाचं नूतनीकरण निघालं तेव्हा बस्ते जिन्याखाली हलवले. तात्पुरते. गेल्या जुलैत पाणी शिरलं. मी गेले तेव्हा एक बस्ता भिजून फुगला होता आणि पानं एकमेकांना चिकटली होती. मी ती हाताने वेगळी करून वर्गातल्या बाकांवर वाळत घातली. मुलींनी पंखे लावले. त्यातली किती वाचली ते सांगवत नाही.

मी लेखी विचारणा केली. उत्तर आलं, तेही तीन महिन्यांनी: 'सदर साहित्याची दप्तरी नोंद नसल्याने ते विद्यापीठाच्या मालकीचे असल्याचे दिसून येत नाही.' म्हणजे पाण्याने भिजलेले कागद आमच्या आवारात आहेत, आमच्या जिन्याखाली आहेत, आमच्या एका प्रमुखाने आणलेत, पण आमचे नाहीत. हे वाक्य कुणी लिहिलं असेल त्याला माझा राग नाही. नोंद कुणीच केली नाही, हा दोष आपल्या सगळ्यांचा, माझाही. मीही दहा वर्षं ते बस्ते वापरत होते आणि एकदाही नोंदवही मागितली नाही. तरी नोंद करायला आजही एका दुपारचंच काम आहे.

तिसरी गोष्ट अभ्यासक्रमातली नाही, वसतिगृहातली आहे. ती इथे कशी आली, असं वाटेल.

विभागाचं प्रायोगिक पाक्षिक निघतं, हे आपल्याला माहीत आहे. विद्यापीठाच्या अहवालात त्याचं मुखपृष्ठ दरवर्षी छापलं जातं. पानं लावायचं काम संध्याकाळी पाचनंतर सुरू होतं, कारण दिवसा तास असतात आणि संगणक कक्ष मोकळा नसतो. रात्री दहा-साडेदहापर्यंत चालतं. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक साडेआठला बंद होतं. मुलांच्या वसतिगृहाला फाटक आहे, पण ते बंद झालेलं कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे दर अंकाला काय होतं? आठ वाजता मुली उठतात. बातमी त्यांची, शीर्षक त्यांचं, दुरुस्त्या त्यांच्या; शेवटचा हात मुलांचा. आणि शेवटचा हात ज्याचा, त्याचं नाव संपादक म्हणून जातं. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली असतात. गेल्या सहा वर्षांत संपादक म्हणून मुलीचं नाव एकाच वर्षी छापलं गेलं. ती गावातच मावशीकडे राहायची.

एकदा एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझं पान राहिलंय, मुलं त्यात काहीही घालतील." मी वॉर्डनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, मला कळतं हो, पण नियम वरून आलाय. उद्या काही झालं तर मलाच धरतील." त्यांचंही खरं आहे. पण 'वर' म्हणजे आपणच ना? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'सक्षम' अहवालाने २०१३ मध्येच बजावलं आहे की सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींवर मुलांपेक्षा वेगळी बंधनं घालू नयेत. हा अहवाल विद्यापीठाच्या कुठल्या तरी कपाटात असणार. त्याची दप्तरी नोंद असेल, अशी आशा आहे.

मी रात्रपाळी केली ती काही शूर होते म्हणून नव्हे. गाडीची सोय होती आणि संपादकांनी एक वाक्य सांगितलं होतं: "घरी पोचलात की टेलिफोनची एक रिंग द्या." एवढ्यावर नऊ वर्षं निघाली. आपल्याकडे विद्यापीठाच्या तीन गाड्या आहेत.

चौथी तक्रार लहान आहे. विभागात मुली इतक्या असूनही एकही पूर्णवेळ स्त्री प्राध्यापक नाही. पदं भरण्याचा अधिकार सर्वस्वी आपल्या हातात नाही हे मी जाणते, म्हणून त्यावर इथे लांबण लावत नाही. पण जाहिरात निघेल तेव्हा लक्षात असू द्या.

मध्यंतरी एका बैठकीत म्हणे कुणी असं म्हणालं की तानुबाईंचा विद्यापीठाशी काय संबंध, त्यांच्याकडे तर पदवी नव्हती. हे मी ऐकीव लिहिते आहे, बोलणाऱ्याचं नाव मला माहीत नाही आणि नकोही आहे. पदवी नव्हती, बरोबर. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८८८ मध्ये बाहेर पडली, तेव्हा तानुबाई बारा वर्षांच्या होत्या. ज्या घरातून त्या आल्या त्या घरांसाठी कॉलेजची वाट तेव्हा नव्हतीच. पण विद्यापीठाशी संबंध? १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं ते आपण कधीतरी काढून वाचा. शेतकऱ्यांच्या करावर वरच्या वर्गांचं उच्च शिक्षण चालतं आणि त्या शेतकऱ्याच्या मुलांना साधी शाळा मिळत नाही, हे त्यात आहेच. पण पुढे एक छोटी मागणी आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. प्रवेश परीक्षेला बाहेरून अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांना बसू दिलं याबद्दल ते विद्यापीठाचं कौतुक करतात आणि म्हणतात, बी.ए., एम.ए.लाही अशी सवलत द्या. म्हणजे माझी बहिःस्थ पदवी ज्या वाटेने आली, ती वाट तानुबाईंच्या शाळेचे संस्थापक माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मागत होते. म्हणून कुणी म्हणालं की त्या बाईचा विद्यापीठाशी संबंध काय, तर मला ते घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं लागतं.

आता मागण्या. साध्या आहेत.

'मराठी वृत्तपत्रांचा इतिहास' हा विषय चार श्रेयांकांचा आणि सक्तीचाच ठेवा. त्यात 'दीनबंधू' आणि सत्यशोधक वृत्तपत्रं हे स्वतंत्र प्रकरण असावं आणि तानुबाईंचा काळ त्या प्रकरणात यावा. 'महिलांचे योगदान' असा वेगळा कोपरा करून नको. १९०८ आणि १९१० च्या कायद्यांबरोबर, त्याच पानावर. त्यावर परीक्षेत प्रश्न असावा. नसेल तर बाकी काही करू नका, उगीच शाई कशाला.

जिन्याखालचे बस्ते या महिन्यात नोंदवहीत घ्या, कोरड्या खोलीत ठेवा आणि स्कॅन करा. स्कॅनर ग्रंथालयात आहे. स्कॅन करायला आमचे विद्यार्थी तयार आहेत, त्यांना प्रात्यक्षिकाचे गुण द्या. त्या माजी प्रमुखांचं नाव संग्रहाला देता आलं तर उत्तम. ते आता नाहीत, पण त्यांच्या घरच्यांना बरं वाटेल. आणि झेरॉक्सवर भागवू नका. राज्यातल्या जुन्या ग्रंथालयांना पत्रं लिहा, जिथे मूळ अंक असतील तिथून प्रती मागवा. एका शिक्षकाने पदरमोड करून फिरण्याऐवजी विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्र गेलं तर दारं लवकर उघडतात, हा अनुभव आहे.

प्रायोगिक अंकाच्या रात्री मुलींना अकरापर्यंत थांबण्याची लेखी परवानगी आणि परतीसाठी गाडी द्या. महिन्यातून दोन रात्री. शक्य असेल तर दोन्ही वसतिगृहांना एकच वेळ लावा. माझी मागणी खरं तर तीच आहे, पण निदान दोन रात्रींपासून सुरुवात करा.

अभ्यास मंडळाच्या ज्या बैठकीत श्रेयांक कमी झाले तिचं इतिवृत्त संकेतस्थळावर टाका. २०१६ चा विद्यापीठ अधिनियम आपल्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, म्हणून कलमं सांगत नाही.

माझ्या काही सहकाऱ्यांनी सल्ला दिला की हे पत्र पाठवू नकोस, पुढच्या वर्षी तास मिळणार नाहीत. शक्य आहे. तसं झालं तरी ते सहा बस्ते, आता पाच म्हणा, आधी जिन्याखालून वर काढा. माझ्या तासांचं नंतर बघू.

विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय येईल, अशी अपेक्षा आहे. उत्तर लेखी द्यावं. विद्यार्थ्यांनाही ते वाचायचं आहे, आणि त्यांनी ते विचारलं तर त्यांच्यावर चिडू नये. विचारायला आम्हीच शिकवलंय.

आणि येत्या ८ मार्चला बॅनर लावणार असाल, तर छपाईला देण्याआधी एकदा दाखवा. मी दर सोमवारी आणि गुरुवारी अकरा ते एक विभागात असते.

कळावे,

आपल्याच विभागातली,
तासिका तत्त्वावरची एक शिक्षिका